जुने ट्रॅक्टर आणि शेताचा आकार

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यातील भाषण)



वाफसा कोणाची वाट पाहत नाही. पेरणीचे मोजके दिवस हुकले की हंगाम मागे पडतो. बैलजोडी नसलेल्या शेतकऱ्याला म्हणूनच ट्रॅक्टर हवासा वाटतो. परंतु गरज ट्रॅक्टरच्या कामाची आहे की मालकीची, हा विचार जमीन तारण ठेवण्यापूर्वी व्हावयास हवा. जुन्या ट्रॅक्टरांचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे.

आरंभीचे ट्रॅक्टर अवजड होते. नांगर मागून ओढत न्यावा लागे आणि वळण्यास मोठी जागा लागे. हॅरी फर्ग्युसन यांनी तीन ठिकाणी जोडलेला नांगर तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत रूढ केली. नांगराच्या ओढीचा भार मागील चाकांवर येऊन हलक्या यंत्रालाही पकड मिळाली. १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार झालेला त्यांचा टीई-२० ट्रॅक्टर सुमारे ११०० किलो वजनाचा होता. लहान शेताला यंत्राचे दार उघडले ते अशा रचनेमुळे.

भारतात १९५९ साली फरिदाबाद येथे आयशर ट्रॅक्टर तयार झाला. १९७१ मध्ये पिंजोर येथे एचएमटीने झेटर २५११ चे, तर १९७४ मध्ये पंजाबात दुर्गापूरच्या संशोधन संस्थेच्या आराखड्यावरून स्वराज ७२४ चे उत्पादन सुरू झाले. हे सुमारे २५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर कुळवणी, पेरणी, वाहतूक आणि लहान तुकड्यांतील मशागत यांस सोयीचे होत. महिंद्र समूहाने मुंबईत बनविलेला बी-२७५ किंवा मॅसी फर्ग्युसन ३५ हे सुमारे ३५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर भारी काळ्या जमिनीत व सलग, मोठ्या क्षेत्रात अधिक उपयोगी ठरतात.

आता हिशेब पाहावा. दोन फाळांचा नांगर ६० सेंटिमीटर पट्टा धरून ताशी ४ किलोमीटर चालला, तर वळणांचा वेळ जमेस धरता एक हेक्टर नांगरण्यास पाच ते सहा तास लागतात. शेत आखूड असेल तर वळणे वाढतात, डिझेलही वाढते. महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या शेताची नांगरट सात-आठ तासांत संपते. ट्रॅक्टरच्या खर्चाचा हिशेब मात्र सामान्यतः वर्षाला १००० तासांच्या वापरावर मांडला जातो. उरलेले तास कोठून आणावयाचे? यंत्र अंगणात उभे राहते. कर्जाचे हप्ते उभे राहत नाहीत.

म्हणून अल्पभूधारकाने भाड्याने अथवा गटाने ट्रॅक्टर वापरणे हितावह होय. वाफशाच्या दिवसांत कोणाचे शेत केव्हा, याचे वेळापत्रक ग्रामपंचायतीने आधीच लावून द्यावे. अन्यथा लहान शेतकऱ्याची पाळी शेवटी येते. जुना ट्रॅक्टर घेताना ब्रेक, उचल यंत्रणा व सुट्या भागांची उपलब्धता तपासावी. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी चौकट नसते. तेव्हा बांधावर व उतारावर सावधगिरी बाळगावी आणि चिखलपंख्यावर मुलांना कदापि बसवू नये.

शिक्षकांनी हा हिशेब शाळेतील फळ्यावर मांडावा. गणित मुलांचे होईल आणि निर्णय घराचा सुधारेल. ट्रॅक्टर शेताच्या मापाचा असावा; शेत ट्रॅक्टरपायी गहाण पडू नये.