भीती आणि भयगंड



भीती हा निसर्गाने नेमलेला पहारेकरी आहे. परंतु संकट टळल्यावरही तो दार उघडू देत नाही आणि संसार अडवून धरतो, तेव्हा त्या अवस्थेस भयगंड म्हणावे लागते.

कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशाने २००४ साली दोन आघात सोसले. १६ जुलैला कुंभकोणमच्या शाळेचे शाकारलेले छप्पर पेटून ९४ बालके दगावली. २६ डिसेंबरला त्सुनामीने नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक बळी घेतले. ज्या समुद्रावर पोट, त्याच्याच गाजेने माणसे दचकू लागली. अशी धास्ती हा दुबळेपणा नव्हे. परंतु ती मुरली तर उपजीविकाच तुटते.

भयगंड पोसला जातो तो टाळण्याने. टाळले की क्षणभर हायसे वाटते, आणि धोका खराच होता असे मन ठरवून टाकते. म्हणून उपचार उलट वाटेने जातो. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली मांडलेल्या पद्धतीत मन शिथिल करून भीतीच्या विषयाकडे पायरीपायरीने नेतात : आधी समुद्राची कल्पना, मग दुरून दर्शन, अखेरीस पाण्यात पाऊल. ढकलणे मात्र सर्वथा वर्ज्य.

तंजावरच्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यक एकत्र नांदविले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपण मनाच्या दुखण्यासाठी वैद्याकडे जाण्यास का संकोचावे? परमुलखात आजी-मावशी जवळ नसतात. तेव्हा घाबरणाऱ्या मुलास भित्रा म्हणू नये. त्याचा हात धरून एक पायरी आपणही चढावी.