सातनंतर काम नाही



दिवाळीची गर्दी.
कापडाच्या दुकानात सोळा वर्षांचा मुलगा साड्यांच्या घड्या घालतोय.
रात्रीचे नऊ वाजलेत.
सकाळपासून तो बसलेला नाही.

हे बेकायदा आहे.

१९८६चा बाल आणि किशोरवयीन कामगार कायदा सांगतो…
चौदा ते अठरा वयाच्या मुलांना
संध्याकाळी ७ ते सकाळी ८ कामावर ठेवायचं नाही.
३ तासांनंतर तासभर विश्रांती.
विश्रांती धरून दिवसाचे ६ तास.
ओव्हरटाइम नाही.
आठवड्याला एक सुट्टी.

पुन्हा सांगते…
संध्याकाळी सातनंतर काम नाही.

मालक म्हणतो, ‘शिकतोय ना, मग पैसे कसले?’
मला हे मुळीच पटत नाही.
घड्या त्यानं घातल्यात.
मजुरी त्याच्या हातात पडलीच पाहिजे.

मुलांनो, अडचण आली तर फोन करा…
एक, शून्य, नऊ, आठ.