मयताचा सातबारा



कापसाच्या भावावर आपण दर बैठकीला बोलतो. आज तो कापूस ज्या रानात पिकतो त्या रानाविषयी बोलू. बाप जाऊन दहा-दहा वर्षे होतात, वहिती मुलगा करतो, आणि सातबाऱ्यावर नाव बापाचेच. पीककर्ज मागायला गेले की उत्तर ठरलेले, मयताच्या नावावर कर्ज मिळत नाही.

मृत्युपत्र न करता माणूस गेला तर जमीन कोणाची? थोरल्या मुलाची, असे पारावर सांगतात. कायदा तसे म्हणत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा हिंदूंना, तसाच बौद्ध, जैन, शिखांना लागतो. (मुसलमान, ख्रिस्ती भावांचे कायदे वेगळे, आदिवासी जमातींनाही हा लागू नाही.) समजा, एकाने स्वकमाईने १० एकर घेतली. मागे आई, बायको, एक मुलगा, दोन मुली. वारस पाच, वाटे पाच, प्रत्येकी २ एकर. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा जात नाही. म्हाताऱ्या आईला तर आम्ही हिशेबातच धरत नाही, कायदा मात्र धरतो.

जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी मयताचा हिस्सा बाजूला काढायचा आणि तेवढाच असा वाटायचा. उरलेल्यात मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. ही दुरुस्ती २००५ ची. त्या वेळी बाप हयात नव्हता तरी हा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी त्याने मोडत नाही.

खरी गोम कागदात आहे. जुन्या सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' म्हणून एका भावाचे नाव लागले आणि बाकीचे गेले इतर हक्कात, नाहीतर कोठेच नाही. तो भाऊ बसला मालक होऊन! पण फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ती महसुलासाठीची नोंद. नाव नसले तरी वारसाचा हक्क बुडत नाही, पण तो मिळवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

म्हणून माणूस गेल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारसाची वर्दी द्या. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावे. सगळ्या, म्हणजे नांदायला गेलेल्या बहिणींचीही. अर्ज दिल्याची पोच घ्या. मुदत टळली तरी नोंद होते. २०२५ साली सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती अशाच मयत खातेदारांसाठी.

बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. राखीच्या दिवशी कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीला किंमत नाही, आणि अशी सही मागणाऱ्या भावालाही आमच्या लेखी नाही.

राहिले कर्ज. बापाचे देणे बापाने मागे ठेवलेल्या मालमत्तेतूनच वसूल होते. मुलगा स्वतः सहकर्जदार किंवा जामीन नसेल तर त्याच्या स्वकमाईला हात लागत नाही. वसुलीवाला दारात येऊन काहीही सांगो, आधी कर्जाच्या कागदावर आपली सही आहे का ते पाहा.