वाटाण्याचे दाणे आणि गणिताची शिकवणी

कॉलेजांतील कित्येक विद्यार्थी जीवशास्त्राची निवड करतात ती त्या शास्त्राच्या प्रेमानें नव्हे, तर गणिताच्या भयानें. पानें, फुलें आणि बेडूक यांच्या संगतींत गणिताचा ससेमिरा चुकेल, अशी त्यांची समजूत असते. पुढें अभ्यासक्रमांत संख्याशास्त्र अवतरतें, आणि ज्याला टाळण्यासाठीं वाट बदलली तोच पाहुणा दाराशीं उभा पाहून विद्यार्थी गांगरतो. मग शिकवणीचा शोध सुरू होतो.

शिकवणीचे मार्ग दोन. पहिला सोपा. सूत्र सांगावें, उदाहरणें सोडवून द्यावीं. परीक्षा पार पडली कीं हिशेब मिटला. दुसरा मार्ग वाटाण्याचे दाणे हातांत घेऊन सुरू होतो.

ब्रनो येथील मठांत राहणारा ग्रेगोर मेंडेल हा स्वतः शिक्षक होता. तरी १८५० सालीं शिक्षकाच्या परीक्षेंत तो अनुत्तीर्ण झाला. पुढें १८५१ ते १८५३ पर्यंत व्हिएन्नाच्या विद्यापीठांत शिकून तो परतला व मठाच्या बागेंत त्यानें वाटाण्याचे संकर केले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींपासून दुसऱ्या पिढींत त्यास ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. सिद्धांताप्रमाणें प्रमाण तिनास एक पाहिजे. म्हणजे एकूण ७,३२४ दाण्यांत ५,४९३ गोल व १,८३१ सुरकुतलेले. फरक पडला एकोणीस दाण्यांचा.

येथें चांगला शिक्षक थांबतो आणि विचारतो, "या एकोणीस दाण्यांनीं सिद्धांत खोटा ठरला काय?" हा प्रश्न केवळ झाडाकडे पाहून सुटणारा नव्हे, हें विद्यार्थ्यास तेव्हां प्रथम उमगतें. नाणें शंभर वेळां उडविलें तर बरोबर पन्नास वेळां छापा पडतोच असें नाहीं, तद्वत् येथेंही. ७,३२४ ला पाऊण आणि पाव यांनीं गुणून वर्गमूळ काढलें म्हणजे सुमारें ३७ येतात. एवढा चढउतार निव्वळ योगायोगानें सहज होतो. एकोणीस तर त्याच्या जवळजवळ निम्मेच! सिद्धांत सिद्ध झाला असें नव्हे; त्यास बाध आला नाहीं इतकेंच. 'प्रमाण विचलन' हा जो शब्द काल राक्षसासारखा वाटत होता, तो आज हातांतील मापासारखा वाटूं लागतो. उलट बाजूही आहे. मेंडेलचे सारे आंकडे एकत्र पाहतां ते अपेक्षेशीं फारच जुळतात, अशी शंका १९३६ सालीं फिशर यांनीं काढली. फार जुळणें हेंही संख्याशास्त्रास खटकतें!

या दुसऱ्या मार्गानें वेळ अधिक लागतो, आणि परीक्षा जवळ आल्यावर आईबापांस तो परवडत नाहीं. परंतु अमुक औषधानें रोगी बरे झाले कीं योगायोगानें, हें उद्यां याच विद्यार्थ्यास ठरवावें लागेल. त्या वेळीं शेजारीं मास्तर बसलेला नसेल.

१९१५ सालीं केंब्रिजचें शिक्षण संपवून प्रशांतचंद्र महालनोबीस स्वदेशीं निघण्याच्या बेतांत होते. महायुद्धामुळें प्रवास लांबला. तेव्हां किंग्ज कॉलेजच्या ग्रंथालयांत मॅकॉले या शिक्षकांनीं त्यांचें लक्ष 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाकडे वेधलें. महालनोबीस होते पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. परंतु जीवसृष्टीस गणित लावणारे ते अंक त्यांनीं बोटीवरच वाचावयास घेतले. १९३१ सालीं कलकत्त्यास त्यांनीं भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली. शिक्षकानें पुस्तक दाखविलें. पानें विद्यार्थ्यानें स्वतः उलटलीं.