आठशे साठ आणि चोवीसशे

जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे गाव, १६०८ साली येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांमुळे, महाराष्ट्रास परिचित आहे. मराठवाड्यातील कोणत्याही गावाच्या शिवारात असतो तसा येथेही विहिरीवर पंप असतो. त्याच्या पत्र्यावर शक्तीचा आकडा अश्वशक्तीत कोरलेला असतो, विजेचे मीटर युनिटे मोजते, आणि ती वीज जेथे कोळशापासून उत्पन्न होते तेथील हिशेब किलोकॅलरीत चालतो. माल एकच, मापे तीन! ही मापे परस्परांत बदलणे हे तोंडच्या गुणाकाराचे काम होय. परंतु या गुणाकारात एक खोच आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण चांगली सुशिक्षित मंडळीही येथे घोटाळा करतात. किलोवॉट हे शक्तीचे, म्हणजे काम होण्याच्या वेगाचे माप. युनिट हे झालेल्या एकंदर कामाचे. एक किलोवॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट खर्ची पडते. उष्णतेच्या बाजूस, एक किलो पाण्याचे उष्णतामान एक अंशाने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. इंग्लंडात जेम्स जूल याने १८४० नंतरच्या दशकात पाण्यात वल्ह्यांचे चक्र फिरवून कार्य आणि उष्णता यांचा विनिमयदर निश्चित केला. त्यानुसार एक किलोवॉट म्हणजे ताशी ८६० किलोकॅलरी. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, अर्थात ताशी सुमारे ६४२ किलोकॅलरी.

आता घरातील उदाहरण घ्यावे. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यावयाची, तर वीस गुणिले पंचवीस, म्हणजे ५०० किलोकॅलरी उष्णता हवी. तिला ८६० ने भागले की ०.५८ युनिट येते. एक किलोवॉटची विजेची कांडी हे काम सुमारे पस्तीस मिनिटांत करते, आणि तिच्यातील विजेची जवळजवळ सर्व उष्णता होते. येथे पुस्तकातला दर आणि व्यवहारातला दर यांत भांडण नाही.

उलट दिशेने मात्र तसे घडत नाही. जांबहून गोदावरी ओलांडून आग्नेयेकडे गेले म्हणजे परळी वैजनाथ लागते. तेथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. अशा केंद्रात ८६० किलोकॅलरी भट्टीत घातल्या तर एक युनिट हाती येत नाही. त्यासाठी सुमारे २,४०० घालाव्या लागतात. हा केवळ यंत्रांचा आळस नव्हे. उष्णतेपासून कार्य काढावयाचे तर तिचा काही अंश थंड जागी सोडून द्यावाच लागतो, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ सालीच दाखविले होते. उरलेल्या १,५४० किलोकॅलरींपैकी काही धुराड्यावाटे जातात. बहुतेक पाण्यास दिल्या जातात, आणि शीतन-मनोऱ्यातून ते पाणी वाफ होऊन आकाशात विरते.

मराठवाड्याच्या दृष्टीने खरी अडचण ही आहे. कोळसा आगगाडीने आणता येतो. पाणी कोठून आणावे? केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या केंद्रांसाठी युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची कमाल मर्यादा घातली. त्या मापाने २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण शक्तीने दिवसभर चालला तर दोन कोटी दहा लाख लिटर पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले, ते पाण्याअभावी. ८६० आणि २,४०० यांमधील अंतर त्या वर्षी कागदावरून उतरून धरणाच्या तळाशी दिसले.

हाच हिशेब पुन्हा बादलीस लावून पाहण्याजोगा आहे. न्हाणीघरात पोचणारे ०.५८ युनिट अशा केंद्रात तयार होताना सुमारे १,४०० किलोकॅलरींचा कोळसा जळतो, म्हणजे आपल्याकडील साधारण प्रतीचा जवळजवळ चारशे ग्रॅम. शिवाय वरील मर्यादेनुसार दोन लिटर पाणी. तारांतील गळती निराळीच. पाण्यात उतरतात त्या पाचशेच. कोळशाच्या उष्णतेची वीज करावी आणि त्या विजेची पुन्हा उष्णता, हा द्राविडी प्राणायाम कांडीच्या सोयीसाठी घरोघर चालतो. छपरावरच्या सौर बंबास त्याची गरज नाही. तेथे उष्णता उष्णतेच्याच रूपाने पाण्यात शिरते. विहिरीवरच्या पंपाचे तसे नाही. त्याला फिरण्यासाठी वीजच हवी, आणि साडेसात अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला म्हणजे, मोटारीतील तूट न धरताही, पंचेचाळीस युनिटे लागतात. ती औष्णिक केंद्रातून यावयाची तर सुमारे तीस किलो कोळसा.