पायी वारीचे पैसे

 

मागच्या आषाढीला आमच्या गटातल्या सात जणी आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी चालून आल्या. तेव्हापासून बाजारात, दवाखान्यात, लग्नात, जिथे भेटेल तिथे बाया दोनच गोष्टी विचारतात. पाय दुखले का? आणि पैसे कुठून आणले? पायांचे उत्तर सोपे आहे, दुखले. पैशाचे उत्तर रस्त्यात उभे राहून सांगता येत नाही, म्हणून आज रेडिओवर सांगायला आलो.

सुरुवात मोठीमायने केली. २०२३ च्या आषाढी एकादशीला आमची बैठक होती. वही मिटली, आणि मोठीमाय म्हणाली, "माझे गुडघे आनखी दोन वर्स चालतीन. मंग नाई. मले एकदा पायी जायचं आहे." आम्ही हसलो. मग कोणीतरी म्हणाले, मी पण येते. असे करता करता अकरा नावे झाली. आमच्या गटात सगळ्याच काही विठ्ठलाच्या नाहीत. आमच्यातल्या गोंड बहिणी माघ पौर्णिमेला कचारगडला जातात, त्यांचा देव तिकडे. त्यातल्या दोघींनी तरी नाव लिहायला लावले. एक म्हणाली, देवाचे नंतर पाहू, पण अठरा दिवस कोणाच्या चुलीपुढे बसायचे नाही, हे मला पाहायचे आहे.

आता खर्च. पालखीबरोबर चालणे फुकट आहे असे आम्हालाही वाटायचे. पालखीला तिकीट नाही हे खरे, पण राहणे-जेवणे दिंडीत असते, आणि दिंडीत भिशी भरावी लागते. आपल्या इकडे भिशी म्हटले की चिठ्ठी काढायची भिशी आठवते. तिकडे जेवण, तंबू आणि सामान नेणारा ट्रक यासाठी माणशी भरायच्या पैशाला भिशी म्हणतात. प्रत्येक दिंडीची रक्कम वेगळी. आम्हाला दोन हजार सांगितले. कुरखेड्याहून नागपूर, तिथून पुणे, आणि परत, असे जाण्यायेण्याचे बाराशे धरले. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे, म्हणून तेवढ्यात भागले. बूट आणि पावसाचे कापड आठशे. औषध, चहा, फोन, अडीअडचण हजार. माणशी पाच हजार. अकरा जणींचे पंचावन्न हजार. आकडा वहीत लिहिला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या.

पहिला वाद तिथेच. गटाच्या बचतीतून कर्ज काढू, असे दोघी-तिघी म्हणाल्या. आमची सचिव उभी राहिली. ती म्हणाली, गटाचा पैसा बियाण्याचा आहे, बाळंतपणाचा आहे. आपण सात-आठ जणी कर्ज घेऊन वारीला गेलो आणि मागे कोणाचे पोर आजारी पडले, तर काय वारीचा प्रसाद देणार? फिरता निधी तर त्यासाठी मिळालेलाच नाही. सगळ्यांना पटले. वारीचा डबा वेगळा, वही वेगळी, आणि किल्ली जिला जायचे नाही तिच्याकडे, असा ठराव झाला.

डब्यात दर आठवड्याला वीस रुपये. घरी रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूच्या मडक्यात. आणि तेंदूच्या हंगामात एका दिवसाचे सगळे पुडे वारीचे. तेंदूचे पैसे आपल्याला ग्रामसभेकडून शेकड्याच्या हिशेबाने मिळतात, त्यामुळे एका दिवसाचा हिशेब वेगळा लिहून ठेवता आला.

मूठभर तांदळाची युक्ती आमची नाही. विनोबा १९५१ मध्ये पवनारहून निघाले ते १९६४ मध्ये परत आले, तेरा वर्षे चालत. त्यांनी घराघरात सर्वोदय पात्र ठेवायला सांगितले होते, लहान मुलाने रोज मूठभर धान्य त्यात टाकायचे. १९५६ मध्ये तर त्यांनी मोठ्या निधीतून येणारा पैसा चळवळीसाठी घेणेच बंद केले, लोक देतील त्यावर चालू म्हणाले. जमिनीच्या हक्कासाठी एकता परिषदेचे पंचवीस हजार लोक २००७ च्या ऑक्टोबरात ग्वाल्हेरहून दिल्लीपर्यंत चालले. त्यातली बहुतेक माणसे आपल्यासारखीच, भूमिहीन आणि आदिवासी. त्यांनीही आधी घरोघरी पैसा आणि धान्य जमवले होते. आणि मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी चालत गेले, सुमारे १८० किलोमीटर, त्यात वनजमिनीचे पट्टे मागणाऱ्या आदिवासी बाया किती तरी होत्या. शिधा त्यांनी आपापल्या गावाहून आणला होता. मुंबईत शिरल्यावर लोकांनी पाणी, खाणे, चपला दिल्या. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालले.

पैसा न घेताही लोक चालले आहेत. १९६२ मध्ये दोन तरुण दिल्लीहून बिनापैशाचे निघाले आणि मॉस्को, पॅरिसपर्यंत पायी गेले, विनोबांनीच त्यांना तसे सांगितले होते. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, ते बापेमाणूस होते. मग आम्हीच तिला सांगितले की १९६७ मध्ये इंदूरहून चार बहिणी निघाल्या आणि बारा वर्षे देशभर चालल्या, गावागावात मुक्काम करत. तरी आमची हिंमत झाली नाही. खरे सांगतो, परक्या मुलखात बाईच्या पदराला पैसे असलेले बरे.

दीड वर्ष सगळे सुरळीत होते. मग २०२५ च्या फाल्गुनात आमच्या एका बहिणीच्या सुनेचे बाळंतपण अडले, नागपूरला न्यावे लागले. गटाची सगळी रक्कम कर्जात वाटलेली होती, पेटीत तीनशे रुपये. आणि वारीच्या डब्यात तीस हजारांवर. रात्री अकरा वाजता आम्ही किल्लीवालीच्या ओट्यावर जमलो. ठराव होता की या डब्याला हात लावायचा नाही. मोठीमायने काही विचारलेच नाही, म्हणाली, "काढा बारा हजार, गाडी उभी आहे." सून आणि लेकरू दोघेही घरी आले. पण त्या बहिणीने दुसऱ्या दिवशी आपले नाव वारीतून काढायला सांगितले. आम्ही खूप समजावले. तिने ऐकले नाही.

मे संपताना आम्ही मोजले. बारा हजार गेले नसते तर एकोणचाळीस हजार झाले असते, होते सत्तावीस. पाहिजे होते पंचावन्न. पालखी १९ जूनला आळंदीहून निघणार होती.

तेव्हा बाहेरचा पैसा समोर आला. एक व्यापारी म्हणाला, मी पंधरा हजार देतो. त्याच्या दुकानाचे नाव छापलेल्या पिशव्या सगळ्यांनी खांद्याला लावायच्या, एकसारख्या साड्या नेसायच्या, त्यावरही नाव, आणि निघताना त्याच्या हस्ते नारळ फोडून फोटो. आम्ही दोन तास बोललो. काहींचे म्हणणे, पिशवीने काय बिघडते? मोठीमाय म्हणाली, विठ्ठलापुढे मी कोनाचा बोर्ड घेऊन जाऊ? एका लहान सुनेने वेगळाच मुद्दा काढला. ती म्हणाली, याच्याच दुकानात आपण बियाणे घेतो, खत घेतो, उद्या भाव जास्त लावला तर आपल्याला बोलता येईल का? त्यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्याच्या पैशाने जाणे वाईटच असते असे नाही बरे. आपल्या शेजारच्या चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पोरे २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर चढली, पाच जण शिखरावर पोचले, त्यात एक मुलगी. तो खर्च आदिवासी विकास विभागाने केला. एव्हरेस्टला मूठभर तांदूळ पुरत नाही. आणि तो पैसा सरकारचा, म्हणजे आपलाच. वारीतही २०२४ मध्ये शासनाने दिंडीला वीस हजार रुपये जाहीर केले होते. ते दिंडीला मिळतात, वारकऱ्याच्या हातात नाही. हे सांगून ठेवतो, कारण आमच्याकडे दोघी-तिघी आधार कार्ड घेऊन विचारायला आल्या होत्या.

दुसरा पैसा फोनवरून आला. पुण्यात शिकणारा आमच्यातल्या एकीचा भाचा. त्याने आम्हाला मदत करायचे मनात घेतले आणि न विचारता फोनवर आवाहन टाकले, खाली पैसे पाठवायचा चौकोन. दोन दिवसांत नऊ हजार जमले. आम्ही खूश. मग त्याच्या मावशीने ते वाचून दाखवले. जंगलातल्या भुकेल्या, अशिक्षित बाया, आयुष्यात एकदा देव पाहायची इच्छा, असे काहीतरी. सोबत तेंदूच्या हंगामातला आमचा फोटो, घामाने भिजलेल्या, केस सुटलेले. आमच्यातल्या चार जणी दहावी झालेल्या आहेत. मोठीमायला वाचता येत नाही, पण ती हिशेब तोंडी सांगते आणि वही तपासली तर तिचाच बरोबर निघतो. ती म्हणाली, "आपन भिकारी आहोत का? दोन वर्स तांदूळ काढला तो कायले?"

भाच्याला फोन केला. बिचारा रडायला आला, त्याचे मन वाईट नव्हते. पैसे त्याच्याच खात्यात जमले होते, त्याच्या स्वतःच्या पैशात मिसळलेले, कोणाचे किती हे शोधायला त्याला आठवडा लागला. सगळे परत पाठवले. यावर आमच्यात आजही एकमत नाही. तिघी म्हणतात, आपण अभिमानापायी नऊ हजार घालवले, नवीन मजकूर लिहून तेच पैसे ठेवता आले असते. कदाचित त्यांचेच बरोबर असेल. कोणाला असे करायचे असेल तर मजकूर आधी गटात वाचून घ्या, फोटो तुम्ही निवडा, पैसे गटाच्या खात्यात येऊ द्या. आणि पैसे जमवून देणाऱ्या संकेतस्थळांवर जमलेल्या रकमेतून काही कापून घेतात, ते आधीच विचारा.

शेवटी काय केले? अकराच्या सात झालो. ती बहीण आधीच मागे हटली होती, आणखी तिघी म्हणाल्या, आमचा वाटा तुम्ही घ्या, आम्ही पुढच्या खेपेला. सात जणींना पस्तीस हजार पुरे होते. सत्तावीस हातात. मग आम्ही गावात दारोदार फिरलो. आपल्याकडे कोणी यात्रेला निघाले की लोक हातावर पैसे ठेवतात, माझ्या नावाने एक नमस्कार घाल म्हणतात. ती रीत होतीच, आम्ही फक्त वही घेऊन गेलो. कोणी दहा दिले, कोणी पन्नास, एका म्हाताऱ्याने पाच रुपये आणि एक निरोप दिला, तो सांगत नाही. सहा हजार एकशे पन्नास जमले. उरलेले अठराशे पन्नास भावांनी ओवाळणी म्हणून दिले, दिवाळीची आगाऊ. परत आल्यावर ग्रामसभेत सगळा हिशेब वाचून दाखवला. तेव्हा एका भाऊंनी विचारले की चहावर इतके कसे गेले. विचारायचा त्यांना हक्क होता, त्यांचे पन्नास रुपये होते. उत्तर दिले, दिवे घाटाच्या आधी आणि नंतर दोन-दोन वेळा प्यायलो.

वारीचे सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी, सगळी नावे आता आमच्या पोरांनाही पाठ झाली आहेत. नवे बूट आठ दिवस आधीपासून घरी घालून फिरा, आम्ही नाही फिरलो. मोठीमाय जुन्या चपलेत चालली, तिला फोड आला नाही. रोज पहाटे उठायच्या आधी तिचे गुडघे दोघी चोळून द्यायच्या. ६ जुलैला एकादशीला पंढरपुरात होतो. कळसाचे दर्शन घेतले, रांगेत उभे राहिलो नाही. त्या गोंड बहिणीने चंद्रभागेचे पाणी बाटलीत भरून घेतले. कोणासाठी म्हटले तर म्हणाली, कचारगडला नेईन, दोघांची ओळख होईल.

एक गोष्ट हिशेबात चुकली, तीही सांगतो. बुडालेली मजुरी आम्ही धरलीच नव्हती. जाणे-येणे धरून बावीस दिवस. मागच्या साली एकादशी लवकर आली, म्हणून रोवणीच्या आधी परतलो, घरच्यांनी पऱ्हे टाकून ठेवले होते. यंदा २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. एकादशी २५ जुलैला, म्हणजे ऐन रोवणीत. राहिलेल्या चौघींचा नंबर यंदाच. त्यांच्यात बारा हजार घेणारी बहीणही आहे. तिने मागच्या तेंदूपासून हप्त्याने पैसे फेडले, शेवटचे आठशे याच महिन्यात डब्यात टाकले, आणि आपले नाव स्वतःच्या हाताने वहीत परत लिहिले.

त्या चौघींच्या बांधीत रोवणी आम्ही सात जणी करून देणार, तसा ठराव झाला आहे. मोठीमाय म्हणते, ती पण येईल. वाकता येत नाही तर पेंढ्या पोचवीन म्हणते. चौघींचे पैसे एप्रिलपर्यंत पुरे होतील असे दिसते. भिशी किती वाढली ते विचारायला दिंडीच्या माणसाला फोन लावायचा आहे, तो पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर लावू.