कॉइलओव्हर: मिलिमीटरचा हिशेब

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाचं माप नेमकं दिलेलं आहे. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर आणि पाठीचा गोलावा १७ मीटर त्रिज्येचा. ताशी २५ किलोमीटर वेगानं गाडी सुखरूप पार व्हावी, असा त्याचा हिशेब. मानकाबरहुकूम बांधलेला गतिरोधक प्रत्यक्षात कुठं सापडतो, हा संशोधनाचा विषय आहे. गल्लीच्या तोंडाशी असतो तो डांबराचा उंचवटा, उंचीला तेवढाच, पण रुंदीला जेमतेम हात-दीड हात. गाडीचं सस्पेन्शन बदलायला निघालेल्या माणसानं आधी या दोन उंचवट्यांमधला फरक कागदावर मांडून पाहावा.

चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत बनत असलेली फोक्सवॅगन पोलो घ्या. हौशी मंडळींची ती अजूनही लाडकी आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये अंतर साधारण अडीच मीटर, पोटाखालची मोकळी जागा सुमारे १६५ मिलिमीटर. ही गाडी मानकातल्या गतिरोधकावर चढली, की चारही चाकं एकाच वेळी त्याच्या पाठीवर येतात. मग उंचवट्याचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ४६ मिलिमीटर वर राहतो. गाडी ४० मिलिमीटरनं खाली उतरवलेली असली तरी पोटाखाली ७९ मिलिमीटर शिल्लक उरतात. गल्लीतला अरुंद उंचवटा मात्र दोन चाकांच्या मधल्या जागेत मावतो आणि त्याची अख्खी १०० मिलिमीटर उंची पोटाखाली येते. उरले २५. मागच्या सीटवर दोन पाहुणे बसले की इंजिनाखालचा चेंबर घासलाच म्हणून समजा.

कॉइलओव्हर घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, गाडी किती खाली बसेल? विचारायला हवा तो प्रश्न वेगळा. चाकाला वर-खाली हलायला किती जागा उरेल?

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपच्या अंगावरच चढवलेली स्प्रिंग. ही मांडणी काही आजची नाही. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्यानं १९४० च्या दशकात जो स्ट्रट आखला, त्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर होते. १९५० साली ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सलला पुढच्या बाजूला तो बसवला होता. आज भारतात रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं याच तत्त्वावर उभी आहेत. म्हणजे पैसे मोजून नवं काय मिळतं? नळीवर पाडलेले आटे, त्यावर फिरणारी बशी, बहुधा अधिक कडक स्प्रिंग आणि शॉकअपचा जोर कमी-जास्त करणारी गुंडी. मागच्या बाजूला तर अनेक हॅचबॅकमध्ये स्प्रिंग एकीकडे आणि शॉकअप दुसरीकडे असतो. तिथे संचाच्या खोक्यावर कॉइलओव्हर लिहिलेलं असलं, तरी आत निघते ती सुटी स्प्रिंग, उंचीचा सुटा स्क्रू आणि स्वतंत्र शॉकअप. त्यात फसवणूक नाही; गाडीची रचनाच तशी आहे.

संचाचे दोन प्रकार नीट ओळखले पाहिजेत. स्वस्तातल्या प्रकारात उंची बदलायची ती स्प्रिंगखालची बशी फिरवून. बशी खाली नेली की गाडी खाली बसते, पण शॉकअपचा दांडाही तेवढाच आत जातो आणि बंप स्टॉप जवळ येतो. दुसऱ्या प्रकारात शॉकअपच्या तळाचा कंसच आट्यांवर सरकतो. स्प्रिंग आणि दांडा जिथल्या तिथे राहतात, अख्ख्या खांबाची लांबी बदलते. शॉकअपच्या आतला प्रवास त्यामुळे वाचतो. अर्थात टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा कोणत्याही आट्यांनी वाढत नाही. खूप उतरवलेली गाडी वळणात टायर घासते, मग संच कितीही महागाचा असो.

बशी आवळली की स्प्रिंग कडक होते, हा समज गॅरेजोगॅरेजी ऐकू येतो. आकड्यांनी तपासू. समजा, गाडीच्या एका कोपऱ्यावर ३०० किलो भार आहे, म्हणजे साधारण २,९४० न्यूटन. स्प्रिंग आहे ५० न्यूटन प्रति मिलिमीटरची. ती ५९ मिलिमीटर दबेल. आता बशी आवळून स्प्रिंग आधीच १० मिलिमीटर दाबून ठेवली, तर गाडीच्या वजनानं ती आणखी ४९ मिलिमीटरच दबेल आणि गाडी १० मिलिमीटर वर उभी राहील. त्यानंतरच्या प्रत्येक मिलिमीटरला लागणारा जोर? तोच, ५० न्यूटन. सरळ गुंडाळलेल्या स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर. त्यातही तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो. तार दहा टक्क्यांनी जाड झाली की स्प्रिंग जवळपास दीडपट कडक. पान्यानं यातलं काहीच बदलत नाही.

स्प्रिंगवरचा आकडा वाचताना एकक पाहावं. जपानी संचांवर तो किलोग्रॅम प्रति मिलिमीटरमध्ये असतो, युरोपीय संचांवर न्यूटनमध्ये, अमेरिकी संचांवर पाउंड प्रति इंचात. जपानी ५ म्हणजे युरोपीय ४९ आणि अमेरिकी २८०. शिवाय स्प्रिंगला जाणवणारा जोर आणि चाकाला जाणवणारा जोर एकच नसतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग चाकाच्या जवळपास बरोबरीनं हलते. डबल विशबोनमध्ये ती आर्मवर आत बसलेली असते. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ७, तर चाकापाशी त्या स्प्रिंगचा निम्माच कडकपणा पोचतो, कारण हे प्रमाण वर्गानं लागू होतं. म्हणून मित्राच्या वेगळ्या गाडीतला आकडा आपल्या गाडीसाठी मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

तुलना करायची तर झोक्याच्या गतीनं करावी. कोपऱ्यावर तेच ३०० किलो आणि चाकापाशी २० न्यूटनची स्प्रिंग असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा वर-खाली होते. कुटुंबाच्या गाड्या साधारण एक ते दीडच्या पट्ट्यात असतात. ५० न्यूटनची स्प्रिंग घातली की हा आकडा दोनच्या पुढे जातो. ट्रॅकवर ते छान वाटेल. खड्ड्यांच्या रस्त्यावर मागे बसलेली आजी अर्ध्या तासात उतरून रिक्षा शोधेल. आणखी एक तोटा लगेच दिसत नाही. मऊ स्प्रिंग गाडीच्या वजनानं १४७ मिलिमीटर दबलेली असते, कडक स्प्रिंग फक्त ५९. खड्डा आला की चाक खाली जातं, पण ५९ मिलिमीटरनंतर कडक स्प्रिंगकडे द्यायला काही उरत नाही. चाक लटकतं आणि स्प्रिंग बशीत सैल होते. म्हणून काही संचांत मुख्य स्प्रिंगवर एक चपटी, नाजूक साहाय्यक स्प्रिंग दिलेली असते. ती मुख्य स्प्रिंगला जागेवर धरून ठेवते.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचं नातं मॉरिस ओली यांनी १९३० च्या दशकात उलगडलं. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेले हे इंग्रज अभियंते. पुढची चाकं उंचवट्यावर आधी चढतात, मागची नंतर; ताशी ६० किलोमीटरला, अडीच मीटर अंतराच्या गाडीत, हा उशीर सुमारे ०.१५ सेकंदाचा. मागचा झोका पुढच्यापेक्षा थोडा जलद ठेवला, तर मागची बाजू पुढचीला गाठते आणि गाडी नाक-शेपूट आपटण्याऐवजी सपाट डुलते. केवळ दिसायला बरी म्हणून पुढे फार कडक आणि मागे मूळचीच मऊ स्प्रिंग ठेवणारे नेमका हा हिशेब उलटा करतात.

उतरवलेल्या गाडीचं सगळ्यात मोठं दुखणं बाहेरून दिसत नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म मुळात चाकाकडे किंचित खाली झुकलेला किंवा जवळपास आडवा असतो. गाडी खाली आली की चाकाकडचं टोक वर जातं. ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी वळणात कलते, तो बिंदू मग गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त झपाट्यानं खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, आणि गाडी कलवणारी तरफ लांब होते. म्हणजे गाडी बुटकी झाली, वजनाचं केंद्र खाली आलं, तरी स्प्रिंग तीच ठेवली तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते. टाय रॉडचा कोनही बिघडतो. मग खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग न फिरवता चाक स्वतःच थोडं वळतं. रोजच्या गाडीसाठी २०-२५ मिलिमीटरच्या पुढे उतरवू नये, असं जाणकार मेकॅनिक सांगतात ते उगाच नाही.

आता शॉकअप. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा सैलसर ठेवून दांडा दाबला की जो विरोध जाणवतो, तेच काम इथे तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांखालून करतं. खडबडीत रस्त्यावर तेल तापतं, वायूत मिसळून फेसाळतं आणि जोर सोडतं. फ्रेंच संशोधक द कार्बन यांनी एकाच नळीत तरंगत्या दट्ट्यानं दाबाखालचा वायू आणि तेल वेगळे केले. जर्मनीच्या बिल्स्टाइननं १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझसाठी त्याचं मोठं उत्पादन सुरू केलं. ही मोनोट्यूब लवकर थंड होते आणि फेसाला थारा देत नाही. तरीही आपल्या रस्त्यांसाठी दोन नळ्यांचा शॉकअप कमी प्रतीचा मानू नये. उडालेल्या दगडानं मोनोट्यूबला पोचा पडला, तर आतला पिस्टन त्याच नळीत सरकत असल्यानं तो अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेर छोटा पोचा आला, तरी आतली नळी शाबूत राहते.

बसवण्याच्या कामात जुनी उंची आधी मोजून ठेवावी, तीही जमिनीपासून नव्हे, तर चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. म्हणजे टायरमधल्या हवेचा फरक मध्ये येत नाही. दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते, त्यामुळे स्ट्रटचा वरचा नट स्प्रिंग कंप्रेसरशिवाय सोडणं नाहीच. एक पायरी हमखास राहून जाते: आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळले जातात. मग गाडी जमिनीवर आल्यावर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. ते बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकांवर भार आल्यावरच. शंभर-दोनशे किलोमीटर गाडी फिरवून स्प्रिंग बसू द्यावी, पुन्हा मोजावं, आणि मगच अलाइनमेंट करावं. अलाइनमेंटनंतर उंची बदलली की ते काम पुन्हा करणं आलं. हेडलाइटचा झोतही तपासावा.

ट्रॅकवर जाणारे याच्या पुढची पायरी चढतात: चार चाकांखाली चार वजनकाटे. अँटी-रोल बारच्या लिंक सोडायच्या, टाकी अर्धी भरायची, चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतका भार ठेवायचा आणि कर्णातल्या दोन चाकांवरचं वजन एकूण वजनाच्या निम्म्याजवळ आणायचं. एका कोपऱ्याची बशी वर नेली की त्या कोपऱ्यासोबत कर्णातल्या समोरच्या कोपऱ्यावरही भार वाढतो. चार पायांचं डुगडुगणारं टेबल सारखं करण्यापेक्षा हे काम किचकट असतं आणि त्याला अर्धा दिवस सहज लागतो.

गुंडीची जुळणी सर्वांत शेवटी. आधी ती पूर्ण बंद करायची, हलक्या हातानं, जोर न लावता. आणि तिथून उलट्या दिशेनं क्लिक मोजायचे. सुरुवात निर्मात्यानं सांगितलेल्या जागेवरून. टायरमधली हवा थंड असताना सारखी करून, ओळखीच्या एकाच रस्त्यावर एकाच वेगानं गाडी चालवायची. एका वेळी एकाच ॲक्सलवर, डावी-उजवीकडे सारखेच, दोन-तीन क्लिक बदलायचे. उंचवट्यानंतर गाडी दोन-तीन वेळा डुलत राहिली तर परतीचा, म्हणजे दबलेली स्प्रिंग उलगडतानाचा, शॉकअपचा जोर कमी आहे. लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी हळूहळू खाली बसत जाऊन टणक झाली, तर तो जास्त आहे. चाकाला पुढच्या खड्ड्यापूर्वी खाली यायला वेळच मिळत नाही. एकच गुंडी असलेल्या बहुतेक संचांत ती प्रामुख्यानं हा परतीचा जोरच बदलते. त्यामुळे गुंडी घट्ट केली की गाडी स्पोर्टी झाली, हा आनंद बऱ्याचदा पहिल्या खराब रस्त्यापर्यंतच टिकतो.

रॅलीच्या मंडळींकडे पाहिलं की या सगळ्याची दुसरी बाजू दिसते. मातीच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्याही आट्यांच्या कॉइलओव्हरवरच उभ्या असतात, पण उंच उचललेल्या. तिथे चाकाचा लांब प्रवास सोन्याच्या मोलाचा, आणि स्प्रिंग डांबरावरच्या गाडीपेक्षा मऊ.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणाऱ्या बदलांना आडकाठी करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. वॉरंटीतल्या गाडीची वॉरंटी या कामात धोक्यात येऊ शकते.

राहिला पावसाळा. चिखल, आणि किनाऱ्याजवळ खारी हवा, आट्यांत शिरून बशी आणि लॉकरिंग जाम करतात. पावसाळ्याआधी आटे ब्रशनं घासून, धुऊन, वाळवून त्यांवर निर्मात्यानं सांगितलेलं संरक्षक लावावं. ग्रीस थापलं तर त्यावर धूळ चिकटून घासकागद तयार होतो. दांड्याभोवती तेलाची ओल दिसली की सील गेलं. अशा वेळी तो शॉकअप उघडून सील बदलून, तेल आणि वायू पुन्हा भरून देणारं कोणी भारतात आहे का, की अख्खा नगच परदेशातून मागवावा लागेल, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारावं, आणि सुट्या सीलची किंमत बिलावर लिहून घ्यावी.